हुशार मुलासाठी शाळेत बोलताना : चाचणीचा निकाल कसा वापरावा?

पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात विहारांतून, अभ्यासिकांतून काम करताना पालक आमच्याकडे मुलांचे निकाल घेऊन येतात. कोणाकडे शिष्यवृत्ती परीक्षेचे गुणपत्रक असते, कोणाकडे समुपदेशकाने दिलेला बुद्ध्यंकाचा अहवाल. 'मूल हुशार आहे' हे त्यांना कळलेले असते. पण तो कागद घेऊन शाळेत कोणाला भेटायचे आणि काय मागायचे हे कळत नाही. मग कागद ट्रंकेत जातो आणि मूल वर्गात आहे तिथेच राहते.

हा लेख अशा पालकांसाठी आणि त्यांच्यासोबत शाळेत जाणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांसाठी आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की निकाल स्वतःहून काही करत नाही. त्याच्या आधारे नेमकी, छोटी आणि लेखी मागणी केली तरच शाळा हलते.

आपल्या मुलांना कागद का लागतो?

बाबासाहेब १९०७ मध्ये मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. आजच्या गुणवत्ता यादीच्या फूटपट्टीने हे गुण कोणाच्या नजरेत भरले नसते. पण कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्या मुलामध्ये काय आहे हे ओळखले होते. त्यांनी सत्काराच्या वेळी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले आणि पुढे इंटरनंतर शिक्षण अडले तेव्हा सयाजीराव महाराजांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. त्यातून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. म्हणजे गुणांच्या जोडीला त्या गुणांविषयी बोलणारे माणूस लागते.

प्रत्येक वर्गात केळुसकर गुरुजी नसतात. रेमा हाना आणि ली लिंडेन या अर्थशास्त्रज्ञांनी भारतात केलेला एक प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षकांना तपासायला दिलेल्या उत्तरपत्रिकांवर मुलाची जात चिठ्ठी टाकल्यासारखी, कोणतीही, लिहिली होती. 'खालची' जात लिहिलेल्या उत्तरपत्रिकांना सरासरीने कमी गुण पडले. फरक मोठा नव्हता, पण होता.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात उघड केली नव्हती तेव्हा दोन्ही गटांतील मुले जवळपास सारखीच होती. सर्वांसमोर नाव आणि जात पुकारली तेव्हा दलित मुलांची कोडी कमी सुटली. मूल तेच होते, बुद्धीही तीच होती, बदलली होती ती परिस्थिती.

अमेरिकेत फ्लोरिडातील एका मोठ्या शालेय जिल्ह्यात हुशार मुलांच्या वर्गासाठी शिक्षक आणि पालकांच्या शिफारशीवर मुले निवडली जात. नंतर दुसरीच्या सर्वच मुलांची चाचणी घेतली गेली, तेव्हा निवडल्या गेलेल्यांत गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांचे प्रमाण बरेच वाढले. ही मुले आधीही तिथेच होती, पण त्यांची शिफारस कोणी करत नव्हते. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांचा हा अभ्यास २०१६ चा आहे.

म्हणून बाहेरच्या परीक्षेचा कागद आपल्या मुलांसाठी जास्त मोलाचा ठरतो. 'आमचा मुलगा हुशार आहे' हे पालकाचे मत म्हणून बाजूला सारता येते. राज्य परीक्षा परिषदेचे गुणपत्रक तसे सारता येत नाही.

कोणता निकाल काय सांगतो?

*शिष्यवृत्ती परीक्षा.* ही पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पूर्वी ती चौथी व सातवीत होती, २०१६-१७ पासून पाचवी व आठवीत आली आणि २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे आपल्या मुलाच्या वर्षाची सूचना शाळेतून नक्की पाहून घ्यावी. दोन पेपर असतात, प्रत्येकी १५० गुणांचे. पहिल्यात प्रथम भाषा ५० आणि गणित १०० गुण, दुसऱ्यात तृतीय भाषा ५० आणि बुद्धिमत्ता चाचणी १०० गुण. पात्र ठरण्यासाठी प्रत्येक पेपरात ४० टक्के लागतात. विषयवार गुण वेगळे मिळतात, हा या गुणपत्रकाचा सर्वांत मोठा उपयोग.

*एनएमएमएस.* आठवीत होणारी ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे ९०-९० प्रश्नांचे दोन पेपर असतात. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना पात्रतेसाठी ४० ऐवजी ३२ टक्के लागतात. ही परीक्षा फक्त सरकारी, महापालिका, जिल्हा परिषद व अनुदानित शाळांतील मुलांसाठी आहे. आपल्या भागात खूप पालक ओढाताण करून मुलाला छोट्या विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घालतात. त्यामुळे ही वाट बंद होते, हे त्यांना आठवीत कळते. शाळा बदलण्यापूर्वीच ते सांगणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

*नवोदय.* पुणे जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय शिरूर तालुक्यात पिंपळे जगताप येथे आहे. पाचवीत असताना सहावीच्या प्रवेशासाठी परीक्षा होते. शंभर गुणांपैकी ५० गुण मानसिक क्षमतेला असतात. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी आहेत, पण त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण शाळेत झालेली असावी लागतात. चाकणला आता नगरपरिषद आहे. खोली बदलल्यामुळे मूल मधल्या काळात शहरी हद्दीतील शाळेत गेले तर ग्रामीण कोटा हातचा जातो. खोली बदलतानाच हे पाहावे लागते.

*बुद्ध्यंक चाचणी.* ही मानसशास्त्रज्ञ मुलाला एकट्याला समोर बसवून घेतात. आपल्याकडे डॉ. वि. वि. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी तयार केलेली बिने-कामत चाचणी आणि नागपूरच्या डॉ. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी केलेली चाचणी जुन्या काळापासून वापरात आहेत. भाषेवर फारशा अवलंबून नसलेल्या, आकृत्यांच्या रेव्हन चाचण्याही आहेत. पुण्यातील ज्ञान प्रबोधिनी ही संस्था १९६२ पासून या विषयात आहे आणि निगडीतही तिचे केंद्र व शाळा आहे. कोणाचे संस्थेच्या विचारांशी मतभेद असतील. तरी अशा सोयी फक्त ठरावीक वस्त्यांतील मुलांनीच वापराव्यात असे नाही.

*पैसे घालवू नयेत अशा गोष्टी.* बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारी डीएमआयटी, 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन' आणि मोबाईलवरच्या पाच मिनिटांच्या आयक्यू टेस्ट यांना वैज्ञानिक आधार नाही. शाळाच डीएमआयटीचे शिबिर लावत असेल तर पालकांनी तसे स्पष्ट सांगावे.

एक गुणपत्रक वाचून पाहू

असे समजा की मराठी माध्यमातील एका मुलीला शिष्यवृत्ती परीक्षेत हे गुण आहेत : मराठी ५० पैकी २८, गणित १०० पैकी ८२, इंग्रजी ५० पैकी १६, बुद्धिमत्ता १०० पैकी ८८. एकूण ३०० पैकी २१४, म्हणजे ७१ टक्के.

गुणवत्ता यादीत तिचे नाव येणे अवघड. शाळेच्या फलकावर ते लागणार नाही आणि 'बरी आहे' म्हणून विषय संपेल. पण विषयवार पाहा. तर्क आणि गणित उत्तम आहे. मराठी मध्यम आहे. इंग्रजीच्या २५ प्रश्नांपैकी फक्त ८ बरोबर आले आहेत. चार पर्यायांत नुसता अंदाज लावला तरी सहाच्या आसपास बरोबर येतात. म्हणजे ही मुलगी मंद नाही की सर्वसाधारणही नाही. विचार करण्याची तिची ताकद मोठी आहे आणि इंग्रजी तिला नीट शिकवलेच गेलेले नाही. तिला इंग्रजीची मदत आणि गणिताचे पुढचे काम, दोन्ही एकाच वेळी हवे.

बुद्ध्यंकाचा अहवालही असाच वाचावा. सरासरी १०० धरतात आणि १३० च्या वर साधारण शंभरात दोन मुले येतात. पण आकडा काट्यावरचा नसतो. आज १२६ आला तर दुसऱ्या दिवशी १२१ किंवा १३० येऊ शकतो, म्हणून चांगल्या अहवालात 'या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंत' असा पट्टा दिलेला असतो. जुन्या चाचण्यांचे निकष जुन्या पिढीवर ठरवलेले असल्याने त्यात आकडा थोडा फुगलेला येऊ शकतो. 'पर्सेंटाइल ९५' म्हणजे ९५ टक्के गुण नव्हेत. शंभरातील ९५ मुलांपेक्षा हे मूल पुढे आहे, असा त्याचा अर्थ. भाषेचा भाग आणि आकृत्यांचा भाग यांत मोठा फरक असेल तर मानसशास्त्रज्ञांना कारण विचारावे. मूल हुशार असूनही त्याला वाचन-लेखनाची अडचण असू शकते. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येते आणि त्यासाठी वेगळ्या सवलती आहेत.

शाळेत जाण्यापूर्वीची फाईल

एका साध्या फाईलमध्ये पुढील गोष्टी लावाव्यात.

१. मूळ निकालाच्या दोन झेरॉक्स. मूळ प्रत शाळेला देऊ नये.
२. मागच्या दोन वर्षांची प्रगतिपत्रके.
३. मुलाने आपणहून केलेल्या कामाचे दोन-तीन नमुने : सोडवलेली कोडी, चित्रे, वही, भंगारातून बनवलेली वस्तू. चाचणीच्या आकड्याला यामुळे वजन येते.
४. मूल घरी काय वाचते, काय विचारते, कशात रमते, वर्गात कशाला कंटाळते याची पालकांनी सांगितलेली एक पानभर नोंद. पालक लिहू शकत नसतील तर कार्यकर्त्याने त्यांच्याच शब्दांत लिहावी.
५. उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला.

जातीच्या दाखल्याबाबत एक सूचना. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना केंद्राच्या यादीतही अनुसूचित जातीचा लाभ मिळतो. मात्र दाखला मूळ गावच्या नोंदींवरून निघतो. लातूर, नांदेड, बीड, बुलढाण्याहून इथे आलेल्या कुटुंबांनी तो ऐन अर्जाच्या वेळी न शोधता सुट्टीत गावी गेल्यावर काढून ठेवावा.

काय मागावे, काय मागू नये

'आमच्या मुलाकडे लक्ष द्या' ही मागणी नव्हे. तिला शिक्षक 'हो, देतो' म्हणतात आणि पुढे काही घडत नाही. साठ मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाला जमेल असेच मागावे :

– वर्गाचा स्वाध्याय मूल लवकर संपवत असेल तर पुन्हा तसाच स्वाध्याय न देता एक अवघड उदाहरण द्यावे.
– आठवड्यातून एकदा वरच्या वर्गाच्या गणिताच्या किंवा विज्ञानाच्या तासाला बसू द्यावे.
– ग्रंथालयातील पुस्तक घरी न्यायला द्यावे.
– डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा (सहावी व नववी), गणित प्रावीण्य-प्रज्ञा परीक्षा, एनएमएमएस यांचे अर्ज मुदतीत भरावेत. एनएमएमएस आणि शिष्यवृत्तीचे अर्ज शाळेमार्फतच जातात. मुख्याध्यापकांनी अर्ज भरला नाही तर मूल बसूच शकत नाही.
– जो विषय कच्चा आहे त्याची जादा मदत द्यावी आणि त्या एका विषयामुळे मुलाला 'ढ' मुलांच्या तुकडीत टाकू नये.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये विशेष आवड व क्षमता असलेल्या मुलांना नेहमीच्या अभ्यासक्रमापलीकडे प्रोत्साहन द्यावे, विषयवार मंडळे व प्रकल्प सुरू करावेत असे म्हटले आहे. धोरण म्हणजे कायदा नव्हे, पण अर्जात त्याचा उल्लेख केला की मागणी जगावेगळी वाटत नाही.

एकदम वरच्या इयत्तेत बसवण्याची मागणी पहिल्याच भेटीत करू नये. शिक्षण हक्क कायद्याचा भर वयानुरूप वर्गावर आहे आणि मुलाच्या मैत्रीचा, शरीराने वाढण्याचाही प्रश्न असतो. 'आमच्या मुलाला खास वागणूक द्या' असेही म्हणू नये. मूल शिकत राहावे एवढेच आपण मागतो आणि तो प्रत्येक मुलाचा हक्क आहे.

अर्जाचा नमुना

प्रति,
मा. मुख्याध्यापक

विषय : इयत्ता सहावीतील पाल्याच्या शैक्षणिक गरजेबाबत

महोदय,
माझी मुलगी आपल्या शाळेत इयत्ता सहावीत शिकते. शिष्यवृत्ती परीक्षेत तिला गणितात १०० पैकी ८२, बुद्धिमत्ता चाचणीत १०० पैकी ८८ आणि इंग्रजीत ५० पैकी १६ गुण मिळाले आहेत. गुणपत्रकाची प्रत सोबत जोडली आहे. तिला गणितात पुढच्या पातळीचे काम आणि इंग्रजीत जादा मदत यांची गरज आहे असे आम्हांस वाटते. तरी कृपया,
१) गणिताच्या तासाला तिला आठवड्यातून किमान दोन अवघड उदाहरणे द्यावीत,
२) यंदाच्या होमी भाभा स्पर्धेसाठी तिचा अर्ज भरावा,
३) इंग्रजीसाठी जादा वर्ग असल्यास तिला घ्यावे.
आम्ही घरी रोज अर्धा तास तिच्यासोबत बसू. दोन महिन्यांनी आढावा घेण्यासाठी भेटीची वेळ द्यावी, ही विनंती.
आपली विश्वासू

अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर शाळेचा शिक्का, सही व तारीख घ्यावी.

भेटीत

आधी वर्गशिक्षकांना भेटावे, मग मुख्याध्यापकांना. शिक्षकांना डावलून थेट वर गेलो तर त्याचा राग मुलावर निघतो. कंपनीत शिफ्ट असलेल्या आई-वडिलांनी आधी वेळ ठरवून घ्यावी, कारण एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी. कार्यकर्ता सोबत असला तरी बोलावे पालकांनीच. पाच-सहा जणांनी मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरले की चर्चा शिक्षणावरून मोर्चावर जाते.

सुरुवात प्रश्नाने करावी : "सर, वर्गात ती कशी आहे, तुम्हाला काय दिसतं?" शिक्षकांना कधी कधी चाचणीत न दिसलेली गोष्ट ठाऊक असते. मग गुणपत्रक पुढे ठेवावे. निघताना काय ठरले ते दोन ओळींत लिहून वाचून दाखवावे.

आम्हाला नेहमी ऐकावी लागणारी उत्तरे आणि त्यांवर काय म्हणता येईल ते असे. "शिष्यवृत्तीचे क्लास लावले असतील, म्हणून गुण आले." क्लास लावला नसेल तर तसे सांगावे. लावला असेल तरी एक अवघड उदाहरण देऊन पाहा, अशी विनंती करावी. "सगळीच मुले आम्हाला सारखी." खरे आहे, म्हणूनच इंग्रजीत मागे असलेल्याला जादा तास देतो तसे गणितात पुढे असलेल्याला पुढचे काम द्यावे. "तुमच्या मुलांना सवलती आहेतच की." यावर वाद घालू नये. हे गुण कोणत्याही सवलतीशिवाय मिळालेले आहेत एवढे शांतपणे सांगून अर्जावर यावे. असे वाक्य मुलासमोर, वर्गात बोलले गेले तर मात्र ते तारखेसह लिहून ठेवावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे.

शाळा ऐकत नसेल तर

महापालिका, जिल्हा परिषद व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. विषय तिथे ठेवावा. आपल्या किती पालकांना या समितीत आपण बसू शकतो हे माहीत आहे, हेही तपासावे. त्यानंतर महापालिका शाळेसाठी पिंपरी-चिंचवड महापालिकेचा शिक्षण विभाग. चाकण, महाळुंगे, कुरुळी, निघोजे भागातील जिल्हा परिषद शाळांसाठी आधी केंद्रप्रमुख आणि मग खेड पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी. कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. छळाचा किंवा भेदभावाचा प्रकार असेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाता येते. प्रत्येक ठिकाणी शिक्का असलेली पहिली अर्जाची प्रत लागते.

जपायच्या गोष्टी

आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली बुद्धिमापन चाचणी केली ती मदतीची गरज असलेली मुले शोधण्यासाठी. पुढे तीच साधने माणसांची उतरंड लावायला वापरली गेली. कॅलिफोर्नियात बुद्ध्यंकाच्या आधारे कृष्णवर्णीय मुलांना मतिमंदांच्या वर्गांत टाकले जात होते, ते थांबवणारा निकाल न्यायालयाने १९७९ मध्ये दिला. जन्मावरून उतरंड लावणाऱ्या व्यवस्थेतून बाहेर पडलेल्या समाजाने आकड्यांवरून नवी उतरंड लावू नये. कमी गुणांचा कागद हा मुलाच्या बुद्धीवरचा शेवटचा शब्द नाही. जास्त गुणांचा कागद म्हणजे बाकीच्या भावंडांना कमी लेखायचा परवानाही नाही.

म्हणून अहवाल व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये. दहा वर्षांच्या मुलाचा फोटो आणि गुण फ्लेक्सवर लावून चौकात टांगू नयेत, पुढच्या परीक्षेत त्या फ्लेक्सचे ओझे त्यालाच वाहावे लागते. चाचणीच्या आधी मुलांना जात विचारून रांगेत उभे करू नये. शाळेने प्रवेशासाठीच मुलाची चाचणी किंवा पालकांची मुलाखत मागितली तर कलम १३ नुसार ते बेकायदा आहे, हेही लक्षात ठेवावे.

विहारांनी काय करावे?

देहूरोडच्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. त्या परिसरापासून चाकणपर्यंत आज वस्त्यावस्त्यांत विहार आहेत. रविवारी वंदनेला मुले जमतातच. तिथे चार कामे सहज होऊ शकतात : जूनमध्ये सर्व परीक्षांच्या मुदती फळ्यावर लिहिणे, जुन्या प्रश्नपत्रिका सर्वच मुलांकडून सोडवून घेणे, निकालानंतर एका रविवारी विषयवार गुण पालकांना समजावून सांगणे आणि अर्ज लिहून देणे. 'सर्वच मुलांकडून' यावर आमचा भर आहे. आपण फक्त माहीत असलेल्या हुशार मुलांना बसवले, तर शाळा जे करते तेच आपणही करू. मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलगी त्यातही सुटून जाईल.

महिन्यातून एकदा मुलांना चिंचवडचे सायन्स पार्क किंवा पुण्यातील आयुकाची मुक्तांगण विज्ञान शोधिका दाखवून आणणेही जमण्यासारखे आहे. ज्या तरुणांनी स्वतः शिष्यवृत्त्यांवर शिक्षण पूर्ण केले आणि आता या पट्ट्यातील कंपन्यांत अभियंते, पर्यवेक्षक आहेत, त्यांनी एकेका मुलाचा पाठपुरावा वर्षभर करायचे ठरवावे. पहिला अर्ज लिहायला अर्धा तास लागतो. दोन महिन्यांनी त्या अर्जाचे काय झाले हे विचारायला शाळेत परत जाणे, हे खरे काम आहे.

जय भीम, नमो बुद्धाय.